घुमट आरती, भजनं, नाटकं: घरच्या कॅसेट कंप्युटरवर कशा घ्यायच्या

विकत घेतलेल्या कॅसेटमधलं बहुतेक सगळं आता नेटवर मिळतं, त्यामुळे ते राहू द्या मागे. आधी हात घाला घरी रेकॉर्ड केलेल्यांना. चवथीची घुमट आरती (घुमट म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं वाद्य), देवळातल्या सप्ताहाचं भजन, जत्रेतलं नाटक, कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेलं, त्याची दुसरी कॉपी जगात कुठेच नाही.

आणि आपल्या गोव्याची हवा कॅसेटची वैरी आहे. कॅसेटच्या खिडकीतून आतल्या गुंडाळीकडे टॉर्च मारून बघा, कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनमध्ये, अजिबात घालू नका, बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. तोंडाला मास्क लावून बाहेर झटका, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात काही दिवस ठेवा, मग एखाद्या जुन्या डेकमध्ये पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या म्हणजे चिकटलेले थर सुटतात. सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांची कॅसेट असेल तर मात्र जोरात फिरवू नका, तिची टेप फार पातळ असते, ताणते नाहीतर तुटते. पावसात हे काम काढूच नका, दसऱ्यानंतर करा.

सुरू करण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही.

डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा, बड काळा यायचा थांबेपर्यंत. वाळू द्या. पहिल्यांदा कमी महत्त्वाची कॅसेट लावून बघा, आवाज लहरत असेल तर बहुतेक बेल्ट सैल झालाय, तो बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

जोडणी सोपी आहे. डेकचं लाइन आउट, तिथून यूएसबी ऑडिओ इंटरफेसचं (आवाज कंप्युटरात घेणाऱ्या छोट्या डबीचं) लाइन इन, तिथून कंप्युटर. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, ते बहुतेक वेळा मोनो असतं आणि कमजोर सिग्नलसाठी बनवलेलं, त्यात आवाज फाटतो. लाइन आउट नसेल तर हेडफोनमधून घ्या, व्हॉल्यूम मध्यावर ठेवून. बाजारात वॉकमनसारखे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, त्यांचा स्पीड एकसारखा नसतो, माझं मत विचाराल तर घरातला जुना डेक दुरुस्त करून घेणं केव्हाही बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच बहुतेक जण करत नाहीत. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन म्हणजे अझिमथ बदलतो. कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याचा कोन वेगळा, तुमच्या डेकचा वेगळा, म्हणून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. आरती चालू ठेवा, कान कांसाळ्यांकडे, म्हणजे झांजांकडे द्या, स्क्रू अगदी केसभर फिरवा. एका जागी कांसाळी लख्ख वाजायला लागतात, शामेळाची (काठ्यांनी वाजवायच्या वाद्याची) काठी वेगळी ऐकू येते. तिथे थांबा. हे कुठलंही सॉफ्टवेअर नंतर करून देत नाही.

मग रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट पुरे, २४ जमलं तर उत्तम. लेव्हल ठरवताना आरतीच्या शेवटचा जोराचा भाग लावून बघा, कारण घुमटाची थाप एकदम उसळी मारते, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एका तासाची स्टिरिओ वेव्ह फाइल साधारण ६०० एमबीची होते. शॉर्टकट नाही, सी-९० म्हणजे दीड तास डेकपाशी.

पहिली वेव्ह फाइल सेव्ह करा आणि तिला हात लावू नका, साफसफाई कॉपीवर. नॉइज रिडक्शनसाठी, म्हणजे खरखर कमी करायला, फक्त खरखर असलेले दोन-तीन सेकंद निवडून प्रोफाइल (खरखरीचा नमुना) घ्या आणि ६ ते ८ डेसिबलच कमी करा. जास्त केलंत की कांसाळी पाण्यात बुडाल्यासारखी वाजतात, कारण टेपची खरखर आणि कांसाळ्यांचा नाद दोन्ही वरच्याच पट्टीतले, एक काढताना दुसरं जातंच. थोडी खरखर राहिली तर राहू दे ना.

ठेवायला फ्लॅक फाइल करा, वेव्हच्या जवळजवळ निम्मी जागा लागते आणि आवाज काहीच कमी होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवायला एमपी३. फाइलच्या नावात वर्ष, गाव, प्रसंग घाला, कव्हरवरच्या हस्ताक्षराचा फोटो त्याच फोल्डरमध्ये, आणि घरातल्या वयस्कर माणसांना एकदा बसवून ऐकवा, घुमट कुणाचं, पुढे गाणारा आवाज कुणाचा ते विचारून लगेच लिहून ठेवा. एक कॉपी दुसऱ्या घरात ठेवा, मूळ कॅसेट फेकू नका.