जीमेलवर मेल येणं बंद, स्टोरेज फुल्ल: माझा अनुभव

म्हापशातल्या आमच्या होमस्टेचं बुकिंग माझ्या जीमेलवर येतं. गेल्या आठवड्यात मेल येणं अचानक थांबलं. पणजीहून मावशीने मेल केली, ती ‘मेलबॉक्स भरला आहे’ म्हणून तिच्याकडेच परत गेली. चार दिवस जीव मेटाकुटीला आला.

अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. जाहिरातींच्या तीनेक हजार मेल उडवल्या, पण भरलेल्या जागेचा आकडा जेमतेम हलला. नुसत्या मजकुराच्या मेलला जागा लागतेच किती!

गूगलकडून फुकट मिळणारे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यातच मोजतात.

आधी ब्राउझरमध्ये गूगल वनचं स्टोरेजचं पान उघडलं. कुणी किती जागा खाल्ली ते तिथे दिसतं. माझे ११ जीबी एकट्या फोटोजचे! चवथीच्या माटोळीचे (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीचे) तेच व्हिडिओ तीन-तीनदा. ते पेनड्राइव्हवर उतरवले, उघडून तपासले, मगच फोटोजमधून काढले. तिथून काढले की फोनमधूनही जातात, सांभाळा. मग त्याच पानावरून मोठ्या अटॅचमेंटच्या मेल काढल्या. शेवटी कचरापेट्या. जीमेल, ड्राइव्ह, फोटोज, तिघांची वेगळी, आणि तिन्ही हाताने रिकाम्या केल्या. माझं घोडं इथेच अडलं होतं, कारण कचऱ्यातलं सामानही जागा धरून ठेवतं. जीमेलचा कचरा आपोआप जायला ३० दिवस लागतात.

रात्री हे केलं, सकाळी मेल सुरू. परत गेलेल्या मेल मात्र आपोआप येत नाहीत, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.