मिडी कंट्रोलर बनवताय? केबलचं काय ते आधी ठरवा

दीड महिना खपून बनवलेला माझा मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरच्या डीजे सॉफ्टवेअरला हुकूम देणारा नॉब-बटणांचा डबा, पहिल्याच कार्यक्रमात पंचविसाव्या मिनिटाला मेला. कोड चुकला नव्हता, एकही जोड कच्चा नव्हता. टेबलामागून कुणीतरी गेलं, पाय केबलमध्ये अडकला आणि यूएसबीचं सॉकेट बोर्डावरून उचकटून आलं, खालच्या तांब्याच्या पट्ट्यांसकट. गाणं लॅपटॉपवरून वाजत होतं म्हणून थांबलं नाही, एवढंच. उरलेला वेळ ट्रॅकपॅडवर बोट घासत काढला. आता दुसरा बनवायला घेतलाय. ही यादी खरं तर माझ्यासाठीच आहे, पण तुम्हीही याच वाटेवर असाल तर वाचून घ्या.

पहिलं काम कागदावर. काय काय हवंय ते मोजा, आणि ‘हवंय’ व ‘असलं तर बरं’ यांत भांडण लावून दुसऱ्याला हाकला. माझा हिशोब असा: दोन डेक, म्हणजे एकेक गाणं वाजवणारे दोन भाग. प्रत्येकाला इक्यूचे (जाड-मध्यम-बारीक आवाज कमीजास्त करणारे) तीन नॉब आणि फिल्टरचा एक, म्हणजे आठ. दोन व्हॉल्यूमचे फेडर, दोन टेम्पोचे, एका गाण्यातून दुसऱ्यात सरकायचा एक क्रॉसफेडर, म्हणजे पाच. फिरतं-सरकतं एकूण १३. बटणं प्रत्येक डेकला सात: प्ले, क्यू, सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं) आणि चार हॉट क्यू (गाण्यातल्या ठरवलेल्या जागी उडी मारणारी). दोन्हींची १४. गाण्यांची यादी चाळायला एक एन्कोडर (न अडता गोल फिरत राहणारा नॉब), त्याचं दाबायचं बटण धरून १५ बटणं. जॉग व्हील, म्हणजे तबकडीसारखं फिरवायचं चाक, नको. पहिल्या-दुसऱ्या कंट्रोलरला जॉग व्हील लावायला जाणारा माणूस तिसरा कधी बनवत नाही.

हा आकडा हातात आल्याशिवाय बोर्ड घेऊ नका. प्रो मायक्रो या छोट्या बोर्डावर अॅनालॉग पिना, म्हणजे नॉब वाचू शकणाऱ्या, नऊच, आणि मला हव्यात १३. म्हणून ४०६७ मल्टिप्लेक्सर, अनेक नॉब एकाच पिनवर आळीपाळीने वाचू देणारी चिप: १६ वाटा, एक अॅनालॉग पिन, वाट निवडायला चार. झाल्या पाच पिना. १५ बटणं चार बाय चारच्या जाळीत, आठ पिना. एन्कोडरला दोन. एकूण १५, आणि बोर्डावर आहेत १८. तीन उरल्या, त्या एलईडींसाठी. हे गणित बोर्ड घेतल्यावर करणारी मी एकटीच नसेन.

बोर्डाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. अर्डुइनो ऊनो आर३ घेऊ नका. त्याच्या मुख्य चिपला स्वतःचं यूएसबी नाही, त्यामुळे संगणकाला तो मिडी उपकरण म्हणून दिसत नाही, नुसता सिरियल पोर्ट दिसतो. मध्ये भाषांतर करणारा प्रोग्राम चालू ठेवावा लागतो किंवा त्याच्या दुसऱ्या चिपमधलं फर्मवेअर बदलावं लागतं. कशाला? एटीमेगा ३२यू४ असलेला लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या, नाहीतर टीन्सी. जोडला की ओळखला जातो, ड्रायव्हर लागत नाही. टीन्सी ४.० घेतलात तर तो ३.३ व्होल्टचा आहे हे लक्षात ठेवा. नॉबचं वरचं टोक ५ व्होल्टला जोडलंत तर पिन गेली म्हणून समजा.

आणि बोर्ड हातात आला की आधी त्याचं सॉकेट बघा. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर मायक्रो यूएसबीचं सॉकेट नुसतं पृष्ठभागावर चिकटवलेलं असतं, पाय बोर्डातून आरपार गेलेले नसतात. माझं तसंच होतं. तुटलेला बोर्ड नंतर भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं: पाच बारीक पट्ट्यांपैकी तीन उखडून सॉकेटच्या पोटाला चिकटून आल्या होत्या, आणि त्या जागी उघडा पिवळट फायबर. तिथे सोल्डर धरणार कशाला? केसाएवढी तार लावून बघितली, दोन तास गेले, बोर्ड कचऱ्यातच गेला.

तर आता डबा. आणि डब्यातलं पहिलं भोक नॉबचं नाही, फेडरचं नाही, यूएसबीच्या सॉकेटचं. पहिलं. पॅनेलला स्क्रूने बसणारं सॉकेट मिळतं, मागे छोटी केबल असते. प्रिंटरला असतं तसं चौकोनी टाइप बी घ्या, दणकट असतं. ते डब्याच्या मागच्या भिंतीला दोन स्क्रूंनी आवळायचं, आतली छोटी केबल बोर्डाला लावायची आणि ती बोर्डाजवळ झिप टायने तळाला बांधायची. म्हणजे बाहेरून कुणी हिसका दिला तर ओढ डब्याला बसते, बोर्डाला कळतसुद्धा नाही. मागच्या वेळी १३ नॉब-फेडरांची जागा मी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आखली होती आणि केबलसाठी शेवटी उरलेल्या कोपऱ्यात कानशीने एक खाच पाडली होती. बोर्ड हॉट ग्लूवर. हॉट ग्लू म्हणजे बांधणं नव्हे. पॅनेलचं सॉकेट नाहीच मिळालं तर निदान बोर्डावरच्या सॉकेटभोवती एपॉक्सी भरा आणि आत येणाऱ्या केबलला डब्याला जखडा. पण हा दुसऱ्या नंबरचा उपाय.

चौकोनी भोक पाडायला वेळ लागतो. चार कोपऱ्यांना ड्रिल, मधलं कापून काढायचं, मग कानस. अॅक्रिलिकवर दाब दिलात की तडा गेलाच, हळू. पॅनेल कापण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर नॉब नुसते टेकवून ठेवा आणि दहा मिनिटं हवेत वाजवल्यासारखं करा. लोक हसतील. पण दोन नॉबमध्ये बोटं मावत नाहीत, हे पुठ्ठ्यावर कळलेलं परवडतं. मी आता मध्यापासून मध्यापर्यंत २५ मिलिमीटर ठेवते. क्रॉसफेडरच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा हवी, नाहीतर अंगठा बटणावर आपटतो.

नॉबसाठी पोटेंशियोमीटर (पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर) १० किलोओहमचे, सरळ चालीचे. त्यांवर साधारणपणे बी१०के लिहिलेलं असतं. ए लिहिलेले लॉग चालीचे, ते नकोत. खात्री करायची तर अर्ध्यावर फिरवा आणि मल्टिमीटर लावा, निम्म्याच्या आसपास दाखवायला हवं. पॅनेल जाड आणि पॉटची आट्यांची मान आखूड, असं झालं तर नट बसत नाही. दोन्ही मोजून घ्या. टोपी कुठल्या दांड्यावर बसते तेही बघा, एका बाजूने चपट्या की दातेरी. फेडरचे स्क्रू लांब नकोत, आत घुसून सरकपट्टीला घासतात आणि फेडर मध्येच अडतो. मग तुम्ही फेडरला शिव्या घालत बसता.

आर्केडची बटणं घ्यायची असतील तर भोक २४ किंवा ३० मिलिमीटरचं. स्टेप ड्रिल आणा, साध्या बिटाने कडा फाटतात.

वायरिंग. वायर अनेक तारांची, लवचीक. एकतारी वायर झाकण चार वेळा उघडलं की सोल्डरपाशी मोडते. लांबी इतकी ठेवा की झाकण पुस्तकासारखं बाजूला उलटता येईल. सगळ्यांचं ग्राउंड एकच, हे तुम्हाला माहीत आहे. मल्टिप्लेक्सरच्या रिकाम्या राहिलेल्या तीन वाटा ग्राउंडला टाका, त्या अधांतरी ठेवून कोडने चुकून वाचल्या तर भुताटकी दिसते. बटणांच्या जाळीत प्रत्येक बटणाला वीज एकाच दिशेने जाऊ देणारा १एन४१४८ डायोड. ते नसले की तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथंही दाबलं जातं. सगळ्या डायोडांची काळी पट्टी एकाच दिशेला. एक उलटा लागला तर ते बटण मुकं, आणि तुम्ही रात्रभर कोड तपासणार.

एलईडींना प्रत्येकी रेझिस्टर. रंगीत डब्ल्यूएस२८१२ लावणार असाल तर एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअॅम्पिअरच्या घरात खातो. यूएसबी २.० पोर्ट ५०० देतो. आठांतच संपलं. उजळपणा कमी ठेवा, अंधारात तसाही डोळ्यांत जातो.

हे सगळं करताना केबल कुठून येतेय ते आणखी एकदा बघा. मी गंमत करत नाहीये. फेडरचं धड खाली बरंच उतरतं, आणि मागच्या भिंतीवर बसवलेलं सॉकेट नेमकं त्यालाच भिडतं. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, थेट बोर्डालाच लावू. तिथेच चुकतो.

कोड. बटणांना मिडीचा नोट संदेश, नॉबना कंट्रोल चेंज, म्हणजे नंबर आणि किंमत सांगणारा संदेश. कंट्रोलचे नंबर १२० ते १२७ टाळा, ते चॅनेलच्या हुकमांसाठी राखीव आहेत. १२३ म्हणजे ‘सगळ्या नोट बंद’. नॉब फिरवला आणि सगळं गप झालं असं नको. बटणाला डिबाउन्स, म्हणजे एक दाब अनेकदा मोजला जाऊ नये म्हणून थोडं थांबणं, मी १० मिलिसेकंद ठेवते. मल्टिप्लेक्सरची वाट बदलल्यावर पहिलं वाचन फेकून द्या, आधीच्या नॉबचा अंश त्यात उरलेला असतो.

खरा त्रास थरथरीचा. बोर्ड नॉब वाचतो ० ते १०२३, मिडीत पाठवायचं ० ते १२७. आठने भागलं की झालं, असं वाटतं. पण नॉब ५११ आणि ५१२ च्या मध्ये घुटमळत असेल तर भागाकार ६३, ६४, ६३, ६४ असा नाचतो आणि कुणी हात न लावता संदेशांचा पाऊस पडतो. आणि ही जागा कुठली? नॉबचा बरोब्बर मध्य. फिल्टर जिथे बंद असायला हवा तीच. म्हणून मूळ वाचन निदान पाच-सहा अंकांनी हलल्याशिवाय नवीन किंमत पाठवायची नाही, आणि फिल्टरला मध्ये थोडा मेलेला पट्टा द्यायचा: ५०० ते ५२४ मध्ये काहीही असो, ६४ च.

टेम्पोच्या फेडरला १२८ पायऱ्या पुरत नाहीत. अधिक-उणे ८ टक्क्यांचा पल्ला धरला तर १६ टक्के भागिले १२७, म्हणजे एक पायरी सुमारे ०.१३ टक्के. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) गाण्यात ती ०.१६ बीपीएम झाली. हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या मध्ये पडला तर अर्ध्या पायरीची चूक राहणारच, आणि मिनिटभरात दोन गाणी जवळजवळ ४० मिलिसेकंदांनी सरकतात. कानाला लगेच कळतं. यावर उपाय चौदा बिटांचा कंट्रोल: एक नंबर, आणि त्यात ३२ मिळवून दुसरा, अशी जोडी. बोर्ड दहा बिटच वाचतो, पण तेही आठपट बारीक झालं. सिंक बटणच दाबणार असाल तर हा परिच्छेद विसरा.

रीसेटच्या बटणावर डब्याला एक बारीक भोक ठेवा. ३२यू४ मध्ये चुकीचा कोड गेला तर तो संगणकाला दिसेनासा होऊ शकतो. मग रीसेट भराभर दोनदा दाबायचं, प्रो मायक्रो आठ सेकंद बूटलोडरमध्ये, म्हणजे नवा कोड घेण्याच्या तयारीत, थांबतो, तेवढ्यात नवा कोड चढवायचा. डबा उघडून हे करायला गेलात तर आठ सेकंद स्क्रूतच जातात.

सॉफ्टवेअर थोडक्यात. मिक्स (Mixxx) हे डीजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एक्सएमएल आणि जावास्क्रिप्टने मॅपिंग (कुठला नॉब काय करतो ते) लिहिता येतं, ट्रॅक्टर (Traktor) या दुसऱ्यामध्ये ‘लर्न’ दाबून नॉब हलवा. सॉफ्ट टेकओव्हर (नॉब पडद्यावरच्या किमतीशी जुळेपर्यंत वाट बघणं) चालू करा, नाहीतर पहिल्याच स्पर्शाला व्हॉल्यूम उडी मारतो. उपकरणाला स्वतःचं नाव द्या. मॅपिंगची फाइल दोन ठिकाणी ठेवा. झालं.

चाचणी. तीन तास सलग चालवा. संदेश दाखवणारी खिडकी उघडी ठेवा, हात न लावता एकही ओळ यायला नको. आणि मग केबल ओढा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, बऱ्यापैकी जोर लावून. मी आता डब्याखाली उशी ठेवते आणि नुसत्या केबलने तो दोन बोटं उचलते. केबल सॉकेटमधून सुटून आली तर चालेल, पुन्हा लावता येते. सॉकेट जागचं हललं, आत काही करकरलं, तर झाकण उघडायचं. हे घरी करायला भीती वाटत असेल तर कार्यक्रमात काय होईल?

कार्यक्रमाला नेताना पिशवीत: दुसरी केबल, आधी वापरून बघितलेली, कारण नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलमधून मिडी जात नाही. स्क्रूड्रायव्हर. कापडी टेप. कंट्रोलच्या नंबरांचा कागद. तिथे पोचल्यावर केबल टेबलाच्या पायाला एक वेढा घालून खाली आणायची, जमिनीवर टेप, आणि माणसं ज्या बाजूने जातात त्या बाजूने ती न्यायचीच नाही.