दुकानाच्या वेबसाइटला कुठलं एसएसएल सर्टिफिकेट घ्यावं?

दादर-परळ भागातल्या छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट मी सांभाळते. एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे साइटची ओळख पटवणारा आणि गिऱ्हाइकाची माहिती कुलूपबंद करून पाठवू देणारा डिजिटल दाखला. मागे लालबागच्या एका मसालेवाल्या काकांनी कोटेशन पुढे केलं. महागडं ईव्ही सर्टिफिकेट. "यानं साइट जास्त सेफ होते म्हणे."

काका, तसं नसतं. गिऱ्हाइकाचा पत्ता, पासवर्ड ज्या कुलपात बंद होऊन जातो, ते कुलूप फुकट आणि महाग सर्टिफिकेटात सारखंच असतं. जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः तुमची ओळख तपासण्याचे. या तपासणीचे तीन प्रकार: डीव्ही, ओव्ही, ईव्ही. डीव्हीला डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमच्या ताब्यात आहे एवढंच बघतात, मिनिटांत मिळतं. ओव्हीला कंपनीची नोंदणी, पत्ता तपासतात. ईव्हीला तेच आणखी कडक. पूर्वी ईव्ही असलं की ब्राउझरच्या पट्टीत कंपनीचं नाव झळकायचं. क्रोम आणि फायरफॉक्सनं ते २०१९ मध्ये काढलं. काकांचं पेमेंट तर ऑनलाइन पैसे घेणाऱ्या गेटवे कंपनीच्याच पानावर होतं, म्हणून त्यांना लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं डीव्ही लावून दिलं. एखादी मोठी कंपनी माल घेताना ओव्ही लेखी मागत असेल, तरच त्यावर खर्च करा.

साइटची सगळी नावं आधी कागदावर लिहा. डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही असतील तर अनेक नावांना एकच चालणारं मल्टी-डोमेन. मूळ नावाच्या आधी ऑर्डर, ब्लॉग अशी सबडोमेन वाढणार असतील तर त्या सगळ्यांना चालणारं वाइल्डकार्ड. पण ते एकाच पातळीपुरतं चालतं, सबडोमेनच्या आतल्या सबडोमेनला नाही, आणि मूळ डोमेन त्यात वेगळं घालून घ्यावं लागतं.

आता मुदत. दसऱ्याच्या आदल्या शनिवारी हिंदमाताच्या एका साडीवाल्या ताईंचा फोन आला, "साइट हॅक झाली का गं?" सर्टिफिकेट संपलं होतं. आठवणीचे मेल नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर जात होते आणि मीही ते तपासलं नव्हतं. गिऱ्हाईक पानभर धोक्याचा इशारा बघून परत जात होतं. ऐन सणाची ऑर्डर गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

१५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, २०२९ च्या मार्चपासून ४७. तीन वर्षांचं पॅकेज घेतलंत तरी मधे मधे नवं बसवावंच लागणार. लेट्स एन्क्रिप्टनं तर २०२५ च्या जूनपासून आठवणीचे मेलही बंद केलेत. म्हणून होस्टिंगवाल्याला दराआधी विचारा: रिन्यूअल आपोआप होतं का, आणि अडकलं तर फोन कुणाचा वाजतो?