रेडियमचं जाकीट घेताना या चुका टाळा

वणी असो की वरुड, हार्डवेअरच्या दुकानात ‘रेडियमचं जाकीट द्या’ म्हटलं की दुकानदार पुढचं काही न विचारता पिवळ्या जाळीचा गठ्ठा समोर टाकतो. या जाकिटात रेडियम नसतं आणि ते अंधारात आपोआप उजळतही नाही. रस्त्याच्या कामावर हा गैरसमज मी इतक्या मुकादमांकडून ऐकला आहे की पहिली चूक मी हीच धरतो.

जाकिटात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोघींच्या वेळा वेगळ्या. भडक पिवळं किंवा नारिंगी कापड सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचं दिसणाऱ्या रंगात रूपांतर करतं. म्हणून दिवसा, आणि पहाटे-सांजेच्या मंद उजेडात जास्तच, ते साध्या पिवळ्या सदऱ्यापेक्षा उठून दिसतं. गाडीच्या दिव्यात हे किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे रात्री ते नुसतं कापड राहतं. रात्रीचं काम रुपेरी पट्टीचं. तिच्यातले काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात. त्यामुळे ज्याच्या गाडीचे दिवे चालू आहेत आणि मजुरावर पडताहेत, त्यालाच ती चमकताना दिसते. जिनिंगच्या आवारात रात्री कापसाची ट्रॉली मागे घेणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दिवाच नसेल, तर कितीही महागडी पट्टी तिथे उपयोगाची नाही. तिथे आधी खांबावर दिवा लावा, मागे पाहायला एक माणूस उभा करा, मग जाकिटाचं बोलू.

काही वर्षांपूर्वी वणी-वरोरा रस्त्यावर आमचं रात्रपाळीचं काम होतं. ठेकेदाराने चाळीस जाकिटं आणली होती आणि मी ती मोजून, सही करून वाटली होती. तिसऱ्या रात्री एका ट्रकचालकाला विनंती करून त्याच्या शेजारी बसलो आणि आमच्याच कामावरून गेलो. झेंडीवाला मला दिसला तो त्याच्या हातातल्या झेंडीमुळे, तेही अगदी जवळ गेल्यावर. जाकीट दिसलंच नाही. पट्टी जेमतेम बोटभर रुंद, वरून तीन दिवसांची कोळशाची धूळ. ताशी ८० किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. चालकाला दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत ती किती पुढे आलेली असेल, याचा हिशेब मी त्या रात्री झोपेपर्यंत करत होतो. सही माझी होती. तेव्हापासून चालकाच्या जागेवरून बघितल्याशिवाय मी जाकीट पसंत करत नाही.

तुम्हाला त्यासाठी ट्रक लागणार नाही. अंधार पडल्यावर एकाला नमुन्याचं जाकीट घालून पन्नास पावलांवर उभं करा. मोबाईलची बॅटरी लावा आणि ती कानशिलाजवळ, डोळ्याच्या अगदी बाजूला धरून बघा. कमरेजवळ धरली तर चांगली पट्टीही मंद दिसेल, कारण प्रकाश बॅटरीकडे परत जातो आणि डोळा तिथे नसतो. पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी दिसली पाहिजे. राखाडी किंवा ठिपक्याठिपक्यांची दिसली तर परत करा. मग त्याच पट्टीवर तांब्याभर पाणी ओता आणि पुन्हा बघा. काही पट्ट्या कोरड्या असताना लखलखतात आणि ओल्या झाल्या की विझतात. जुलैच्या झडीत काम करणाऱ्याला दुसरी बाजू आधी कळायला हवी. माणसाला गोल फिरायला सांगा. पाठमोरा, आडवा, वाकलेला, सगळीकडून दिसतो का?

लेबल न वाचता घेणं

‘आयएसओवालं आहे’ असं दुकानदार सांगतो, पण कोणतं आयएसओ? आयएसओ ९००१ हे कारखान्याच्या कारभाराचं प्रमाणपत्र आहे, जाकिटाचं नाही. लेबलवर आयएसओ २०४७१ (अशा उठून दिसणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) किंवा आपल्या भारतीय मानकाचा आयएस १५८०९ हा क्रमांक, वर्ग (कपडा किती ठळक दिसतो त्याची १ ते ३ अशी पायरी, ३ सर्वात ठळक), माप आणि धुण्याच्या सूचना हव्यात. आयएसआयची खूण असेल तर तिच्याजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या मालावर ईएन ४७१ हे युरोपी मानक दिसतं. २०१३ साली त्याची जागा आयएसओ २०४७१ ने घेतली. अमेरिकी एएनएसआय १०७ चं लेबल असलेला मालही मिळतो, पण त्यातला ‘वर्ग २’ आणि आयएसओचा ‘वर्ग २’ यांच्या सगळ्या अटी सारख्या नाहीत. टेंडरमध्ये एकच मानक लिहा.

खोटं लेबल शिवायला वेळ लागत नाही, म्हणून मी खिशात मोजपट्टी ठेवतो. आयएसओ २०४७१ च्या वर्ग २ साठी भडक कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि परावर्तक पट्टी किमान ०.१३ चौरस मीटर लागते. पट्टीची रुंदी ५ सेंमीपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे ५ सेंमी रुंदीची पट्टी एका जाकिटावर सगळी मिळून निदान २ मीटर ६० सेंमी भरली पाहिजे, आणि तीही त्या जाकिटाच्या सर्वात लहान मापात. बाजारातल्या हलक्या मालात पट्टी एक इंचाची आणि फक्त पुढून, पाठीला एक आडवी. मोजून दाखवलं की दुकानदार वाद घालत नाही.

कापडाचे मान्य रंग तीनच: भडक पिवळा, नारिंगी-लाल आणि लाल. निळ्या-हिरव्या कापडावर रुपेरी पट्टी लावलेली जाकिटं चौकीदारांना सर्रास देतात, ती या मानकात बसत नाहीत. पिवळं घ्यायचं की नारिंगी, हे मात्र तुमच्या शिवारावर आहे. श्रावणातल्या हिरव्या पराटीच्या (कपाशीच्या) कडेला काम असेल किंवा जवळ पिवळे जेसीबी फिरत असतील, तर मी नारिंगी घेतो. फाल्गुनात पळस फुललेल्या रस्त्यावर पिवळं जास्त उठतं. फोटोवरून ठरवू नका, जागेवर उभं करून बघा.

वर्ग निवडण्यातली चूक सर्वात महाग पडते. मानकातल्या मार्गदर्शनानुसार वाहनांचा वेग ताशी ६० किमीच्या वर असेल तिथे वर्ग ३ धरतात, आणि बिनबाह्यांचं जाकीट एकटं कधीच वर्ग ३ होत नाही. त्यासाठी पट्ट्या असलेल्या बाह्या किंवा सोबत पट्ट्यांची पँट लागते. हातपाय हलताना दिसले की चालकाला ‘हा माणूस आहे’ हे लवकर कळतं. नुसतं धड दिसलं तर तो पिंप किंवा बॅरिकेड समजू शकतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किमीची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तिथे कडेचं गवत कापणाऱ्याला गावातल्या नाल्यावर वापरतो तेच जाळीचं जाकीट देणं मला पटत नाही.

अंगावर गेल्यावर काय होतं

मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. ‘भाऊ, लय उकडून राह्यलं, चेन कायले लावू?’ हे मी रोज ऐकतो, आणि त्या माणसाचं चुकत नाही. पण चेन उघडी राहिली की छातीवरची पट्टी काखेत जाते आणि समोरून माणूस निम्माच दिसतो. उन्हाळ्यात ओरडण्यापेक्षा प्रमाणित जाळीचं हलकं जाकीट घ्या. थंडीत उलटं होतं: रात्रपाळीवाला जाकिटावरून स्वेटर चढवतो, शाल गुंडाळतो, आणि पट्टी आत झाकली जाते. म्हणून रात्रपाळीला स्वेटरवरून बसेल असं एक माप मोठं द्या. गळ्यातला दुपट्टा छातीवर सोडलेला नको, डोक्याला बांधलेला बरा.

बायांचा विचार तर खरेदी करताना कोणीच करत नाही. गिट्टीचं घमेलं उचलणाऱ्या बाईला पुरुषी एक्सएल दिलं की ते गुडघ्यापर्यंत लोंबतं, वाकताना पायात येतं, आणि वरून पदर येऊन अर्धी पाठ झाकतो. एका मावशीने मला विचारलं होतं, ‘पदर आत घेतला तर डोक्यावर काय घेऊ?’ प्रश्न बरोबर होता. आम्ही पदर जाकिटाच्या आत घ्यायला सांगितला आणि डोक्यासाठी वेगळा रुमाल दिला. बाजूला पट्ट्याने आवळता येणारी लहान मापाची जाकिटं मागवली, तेव्हाच त्या ती दिवसभर घालू लागल्या. पाठीवर फवारणीचा पंप किंवा पिशवी असणाऱ्यांचीही पाठ झाकते, त्यांच्या बाह्यांवर पट्टी हवी.

जाकिटाच्या पाठीवर ठेकेदाराचं नाव, योजनेचं नाव आणि मोबाईल नंबर भलामोठा काळ्या शाईत छापू नका. छापील भाग भडक कापडाच्या हिशेबात धरत नाहीत. नाव छातीच्या खिशावर लहान टाका.

डांबराच्या प्लँटवर, वेल्डिंगजवळ साधं पॉलिस्टर नको. ते पेट घेतं, वितळून कातडीला चिकटतं. तिथे लेबलवर ज्वालारोधक असल्याचा वेगळा उल्लेख असलेलंच लागतं. जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्याजवळ, यंत्राच्या फिरत्या पट्ट्याजवळ सैल जाकीट अडकू शकतं. ओढ बसताच सुटून येणारं, वेल्क्रोचं घ्या.

धुण्याने मेलेली जाकिटं

दगडावर आपटलं, ब्रशने घासलं की पट्टीवरचे मणी निघून जातात. ब्लीचने रंग उतरतो. गार पाण्यात साध्या साबणाने चोळून धुवायचं, उलटं करून सावलीत वाळवायचं, पट्टीवर इस्त्री फिरवायची नाही. लेबलवर किती धुण्यांपर्यंतची हमी आहे तो आकडा असेल तर बघा. आत मार्करने वाटपाचा महिना लिहून ठेवा म्हणजे हिशेब राहतो. धुतल्यावरही कोळसा किंवा डांबर निघत नसेल, रंग फिका पडून लिंबाच्या सालीसारखा झाला असेल किंवा पट्टी सुटत असेल, तर ते जाकीट झाडू मारायच्या कामालासुद्धा ठेवू नका; कोणीतरी उचलून घालतोच. कापून टाका.

पैसे मजुराच्या हजेरीतून कापू नका. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ११४ अशी वसुली करायला मनाई करत होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), आणि रस्त्याच्या कामावरही मी ती कधी होऊ दिली नाही. शंभर माणसं असतील तर एकशे वीस जाकिटं मागवा: काही धुण्यात असतील, आणि पाणी देणाऱ्या पोरालाही एक लागेल, कारण रस्ता सर्वात जास्त वेळा तोच ओलांडतो.