निशी-कासाईत घर घेताय? आधी दोनदा येऊन बघा

टोकियोची नोकरी पक्की झाली की पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, निशी-कासाईत भाड्याने घर घेऊ का? माझं उत्तर हो असंच असतं, मी इथे बरीच वर्षं राहतेय, मुलं इथेच वाढली. पण कंपनीने सुरुवातीला दिलेल्या अपार्टमेंटमध्ये आहात तोवरच इकडे दोन चकरा मारा, एक रविवारी निवांत आणि एक वर्किंग डेला सकाळी आठला. रविवारी बघितलं की सगळं छान छानच वाटतं.

निशी-कासाई एदोगावा वॉर्डात येतं, म्हणजे टोकियोचं पार पूर्वेचं टोक, नदी ओलांडली की शेजारचा चिबा प्रांत. पूर्वी हा सगळा समुद्राकाठचा कोळ्यांचा भाग होता, इथली नोरी (खायचं समुद्री शेवाळ) प्रसिद्ध होती, मग भराव टाकून जमीन वाढवली, तोझाई ही मेट्रो लाईन आली आणि १९७९ ला निशी-कासाई स्टेशन झालं. आपले लोक आले ते वाय-टू-केच्या (२००० साल लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखांचा घोळ होणार होता त्याच्या) वेळी, ९० च्या दशकाच्या शेवटी, कारण बँका आणि त्यांचे आयटीवाले सगळे ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचोला आणि ही लाईन थेट तिथे नेते. तेव्हा परदेशी माणसाला घर द्यायला घरमालक तयार नसायचे, त्या काळात इथले जुने चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी कितीतरी पोरांना घर मिळवून द्यायला मदत केली, हे नवीन आलेल्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आज आपल्याला जे आयतं मिळतं ते कुणीतरी उभं केलेलं आहे. २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक इथूनच वॉर्ड असेंब्लीवर निवडून आले, तेव्हा आमच्या घरी अक्षरशः पेढे वाटले होते.

आता सकाळी आठची चक्कर कशासाठी, तर ट्रेनसाठी. कोविडच्या आधी तोझाई लाईनची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली होती, टोकियोत सगळ्यात वाईट लायनींपैकी एक. आता थोडी कमी आहे पण किबा ते मोंझेन-नाकाचो या टप्प्यात अजूनही श्वास कोंडतो. विरार लोकलची सवय असलेले म्हणतील त्यात काय, पण इथे त्या गर्दीत कुणी बोलत नाही, बॅग पाठीवर न ठेवता पुढे घ्यायची आणि फोन सायलेंटवर. बायकांसाठी सकाळी वेगळा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर खाली खूण असते ती बघून उभ्या राहा. आणि एक लक्षात ठेवा, रॅपिड गाडी निशी-कासाईला थांबत नाही, तोयोचो सुटलं की थेट उरायासू. ऑफिसमधून दमून आल्यावर डुलकी लागली की संपलं. वादळी वारा असेल तर आराकावा नदीच्या पुलावर गाड्या हळू होतात, त्या दिवशी वेळ हातात ठेवून निघा.

घराचं म्हणाल तर नवीन माणसाने आधी यू-आरचं ऑफिस गाठावं. ही सरकारी एजन्सीची घरं, स्टेशनजवळच्या कोजिमाचोच्या मोठ्या बिल्डिंगांमध्ये आपले लोक भरपूर आहेत. फायदा असा की घरमालकाला द्यायचे ते परत न मिळणारे पैसे नाहीत, जामीनदार लागत नाही, एजंटची फी नाही, दर दोन वर्षांनी रिन्यूअलचे पैसे नाहीत, फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. पगार साधारण भाड्याच्या चौपट दाखवावा लागतो, नाहीतर शंभर महिन्यांच्या भाड्याएवढी शिल्लक. पण घर बघायला जाल तेव्हा वर छताकडे बघा, दिवे नसतील, एसीही बऱ्याचदा नसतो, पडदे नाहीत, गॅसची शेगडी नाही. शेगडी घेताना आपल्याकडे कुठला गॅस आहे ते विचारून घ्या, पाईपच्या गॅसची आणि सिलिंडरच्या गॅसची शेगडी वेगळी असते. आणि वीज-पाणी ऑनलाईन चालू होतं पण गॅसला माणूस घरी येतो, तुम्ही हजर लागता, मार्च-एप्रिलमध्ये सगळं टोकियो घरं बदलत असतं त्यामुळे अपॉइंटमेंट लवकर घ्या, नाहीतर गार पाण्याने आंघोळ.

आता जे कुठलाच एजंट उत्साहाने सांगणार नाही ते. एदोगावाची जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचा नकाशा काढला त्याच्या कव्हरवरच लिहिलं होतं की इथे थांबू नका. म्हणजे मोठा पूर येणार असेल तर वॉर्ड सोडून बाहेर जा, इतकं स्पष्ट, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस टायफून आलं. घाबरवायला सांगत नाहीये, मी स्वतः इथेच राहते. पण तो नकाशा वॉर्ड ऑफिसमधून घ्या, आपली बिल्डिंग शोधा, शक्य असेल तर तिसऱ्या मजल्याच्या वरचं घर घ्या आणि वेळ आली तर कुणाकडे जायचं ते आत्ताच ठरवा, पश्चिम टोकियोत एखादा मित्र असेल तर त्याला विचारून ठेवा.

शेजाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर बोलते कारण तक्रारी यावरूनच होतात. आल्या आल्या वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूच्या घरी जाऊन नाव सांगा, सोबत छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा. नंतर पोरं धावली तरी त्यांना चेहरा माहीत असतो. सकाळी सहाला मिक्सरवर चटणी वाटू नका, भिंती पातळ आहेत. कचरा ठरलेल्या वारी सकाळी आठच्या आत, जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या-डबे-पेपर वेगळे, तक्ता बिल्डिंगमध्ये लावलेला असतो त्याचा फोटो काढून फ्रीजवर चिकटवा. आपल्यातला एक चुकला की नाव सगळ्या भारतीयांचं जातं, हे मी इथे पाहिलंय.

खाण्याची चिंता करू नका. स्वागत इंडियन बझारसारख्या दुकानांत आटा, पोहे, तूरडाळ सगळं मिळतं, गोडा मसाला मात्र घरून आणा. भेंडी उन्हाळ्यात साध्या सुपरमार्केटमध्येही ताजी येते. शाकाहारी असाल तर एक सांगते, मांस नाही म्हटलं तरी सूपमध्ये दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतोच, मासेही नकोत हे वेगळं सांगायला लागतं.

रविवारच्या चकरेत ग्योसेन पार्कला नक्की जा, आतलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट आहे (सोमवारी बंद), आणि तिथल्या बाकांवर बसलात की हमखास कुणीतरी मराठी बोलताना ऐकू येईल, सरळ जाऊन ओळख करून घ्या, लाजू नका. गणपतीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची माहितीही तिथेच कळते. मुलं मोठी असतील तर कासाई स्टेशनखालचं मेट्रोचं म्युझियम. मुलांच्या शाळेसाठी सीबीएसईच्या भारतीय शाळा या भागात आहेत, पण दोन-तीन वर्षांहून जास्त राहायचं असेल तर वॉर्डाच्या जपानी शाळेचा खरंच विचार करा, लहान मुलं भाषा फार पटकन उचलतात. पाळणाघरासाठी एप्रिलची जागा हवी तर फॉर्म आदल्या वर्षाच्या शेवटीच भरावा लागतो.

शेवटी कागदपत्रं. घरात आल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला पत्ता नोंदवायचा, नाका-कासाईतलं शाखा ऑफिस जवळ पडतं. आधी दुसऱ्या वॉर्डात नोंदणी झाली असेल तर तिथून बाहेर पडल्याचा कागद आधी घ्या. भारतातल्या कंपनीने पाठवलं असेल तर पीएफचं कव्हरेज सर्टिफिकेट निघण्यापूर्वीच काढा, २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, त्यामुळे पाच वर्षांपर्यंत इथली पेन्शन कापली जात नाही. बऱ्याच बँका सहा महिने होईपर्यंत खातं द्यायला कां-कूं करतात, कंपनीच्या एचआरला कुठली बँक ते विचारा. आणि मुलं असतील तर वॉर्ड ऑफिसमध्येच मुलांच्या औषधोपचाराचं कार्ड मागा, टोकियोत आता १८ वर्षांपर्यंत मिळतं, डॉक्टरकडे हेल्थ इन्शुरन्ससोबत दाखवलं की बिल भरावं लागत नाही. ते आपोआप घरी येत नाही, अर्ज करावा लागतो.