कापसाचा हंगाम लागण्याआधी काट्यावरच्या कॉम्प्युटरची तयारी: प्रायव्हेट की आणि सर्टिफिकेट

दसरा-दिवाळीच्या सुमारास वणी, राळेगाव, हिंगणघाटकडच्या जिनिंगांच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. त्याआधीच्या निवांत दिवसांत एक काम उरकून घ्या. वजनाच्या पावतीवर डिजिटल सही करणारा प्रोग्राम आपली प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) आणि सर्टिफिकेट (ती सही कोणाची ते सांगणारा दाखला) नीट उचलतो का, ते तपासा. ऐन हंगामात हे अडलं तर पावती निघत नाही, पावतीशिवाय गाडी खाली होत नाही, आणि थंडीत रात्रभर गाडीवर झोपायची पाळी कास्तकारावर येते. असे प्रोग्राम लिहिणाऱ्या आणि गावोगाव बसवून देणाऱ्या पोरापोरींसाठी ही यादी आहे. ती ओपनएसएसएल (सही आणि एन्क्रिप्शनची कामं करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) धरून लिहिली आहे, कारण बहुतेक ठिकाणी खाली तेच चालत असतं.

पहिलं काम कागदावरचं. कोणती वस्तू कुठे आहे, कोणत्या रूपात आहे आणि तिचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे वहीत लिहून काढा. पेम (मजकुराच्या रूपातली) फाईल असेल तर ती मजकुराच्या एडिटरमध्ये उघडून पहिली ओळ वाचा. तिथे ‘बिगिन एन्क्रिप्टेड प्रायव्हेट की’ आहे की नुसतं ‘बिगिन प्रायव्हेट की’, यावर पुढचं बरंच ठरतं, कारण दुसऱ्या प्रकारात की उघडी पडलेली असते. डेर हे त्याचंच बायनरी रूप. पी-ट्वेल्व्ह म्हणजे पीएफएक्स फाईलीत की, सर्टिफिकेट आणि वरची साखळी, म्हणजे ते सर्टिफिकेट देणाऱ्यांची सर्टिफिकेटं, एकत्र असते. टोकनवरच्या डीएससीची (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटची) गोष्ट वेगळी आहे. तिची प्रायव्हेट की यूएसबी टोकनमध्येच राहते, बाहेर निघत नाही. ‘की फाईलमध्ये काढून द्या’ असं संचालकांनी कितीही सांगितलं तरी ते होणार नाही, आणि होत नाही हेच तिचं बळ आहे. तिथे टोकनकडे सही मागावी लागते.

मग मशीनवरच्या ओपनएसएसएलची आवृत्ती बघा. 3.0 ही आवृत्ती 7 सप्टेंबर 2021 ला आली आणि तिचा आधार 7 सप्टेंबर 2026 पर्यंतच आहे. नवीन बसवत असाल तर 3.5 घ्या, तिला एप्रिल 2030 पर्यंत दुरुस्त्या मिळतील. आवृत्तीचा प्रश्न सगळ्यात जास्त जुन्या पीएफएक्स फाईलींना भोवतो. त्यांच्यात सर्टिफिकेटांवर बरेचदा 40 बिटांचं आरसी-टू हे जुनं एन्क्रिप्शन लावलेलं असतं, आणि 3.0 पासून ते नेहमीच्या प्रोव्हायडरमधून (प्रोव्हायडर म्हणजे ओपनएसएसएलला अल्गोरिदम पुरवणारा भाग) काढून लेगसी प्रोव्हायडरमध्ये ठेवलं आहे. त्यामुळे पासवर्ड अगदी बरोबर असूनही फाईल उघडत नाही, आणि ऑफिसातले लोक पासवर्डच चुकला असं धरून बसतात. अशा वेळी लेगसी प्रोव्हायडर कायमचा चालू करून सुटका करून घेऊ नका. एकदाच लेगसी पर्यायाने फाईल उघडा, एईएस हे आजचं एन्क्रिप्शन लावून नवी फाईल बांधा आणि प्रोग्रामला नवीच द्या. मधल्या पायरीत उघडी की डिस्कवर उतरणार असेल तर काम झाल्याबरोबर ती पुसा. पेनड्राइव्हवर ती क्षणभरही नको, कारण गावात एकच पेनड्राइव्ह सेतू केंद्रापासून फोटो स्टुडिओपर्यंत सगळीकडे फिरतो.

आता कोडकडे वळू. प्रत्येक रूपासाठी वेगळं वाचणारं फंक्शन लिहीत बसू नका. 2018 च्या 1.1.1 पासून ओपनएसएसएलमध्ये ‘स्टोअर’ नावाची सोय आहे. तिला पत्ता द्यायचा. साधा फाईलचा मार्ग चालतो, फाईलची यूआरआय (ठरलेल्या पद्धतीने लिहिलेला पत्ता) चालते, आणि योग्य प्रोव्हायडर बसवलेला असेल तर पीकेसीएस-इलेव्हनची, म्हणजे टोकनशी बोलण्याच्या प्रमाण पद्धतीची, यूआरआयही चालते. रूप ती स्वतः ओळखते. पुढच्या वर्षी फाईलीची जागा टोकनने घेतली तर कोड तोच राहतो, पत्ता तेवढा बदलतो. फोल्डरचा पत्ता दिला तर आतल्या वस्तू मिळत नाहीत, नावं मिळतात, आणि ती एकेक करून परत उघडावी लागतात.

सगळ्यात जास्त लक्ष वाचण्याच्या फेरीवर द्या. ‘ओपन’ झाल्यावर ‘लोड’ एकेक वस्तू ‘इन्फो’ नावाच्या वेष्टनात देतं. त्याने काही दिलं नाही, म्हणजे नल मिळालं, तर त्याचा अर्थ ‘संपलं’ असा घेऊ नका. संपलं का हे ‘ईओएफ’ सांगतं, चूक झाली का हे ‘एरर’ सांगतं, आणि चूक झाल्यावरही पुढच्या वस्तू मिळू शकतात. पहिल्याच नलवर फेरी तोडणारा प्रोग्राम तुमच्या टेबलावर सहा महिने व्यवस्थित चालेल, आणि साखळीत एक जास्तीचं सर्टिफिकेट आलं की काट्यावर अडेल. फक्त सर्टिफिकेट हवं असेल तर पहिल्या ‘लोड’च्या आधी ‘एक्स्पेक्ट’ लावा. की आणि सर्टिफिकेट दोन्ही हवी असतील तर लावू नका. एकाच फेरीत प्रकार पाहून वाटणी करा, आणि कोणती वस्तू आधी येईल यावर विसंबू नका. ‘इन्फो’मधून ‘गेट-झिरो’ने घेतलेली वस्तू ‘इन्फो’ मोकळी केली की तिच्यासोबतच जाते. जवळ ठेवायची असेल तर ‘गेट-वन’ वापरा आणि शेवटी स्वतः सोडा. फेरी संपल्यावर हवं ते सगळं हाताशी आलं का, ते मोजून पहा. काही कमी असेल तर प्रोग्रामने तिथेच थांबून काय कमी आहे ते स्पष्ट लिहावं. अर्धवट सामानावर तो पुढे जाता कामा नये.

कोड लिहिण्याआधी ‘स्टोअरयूटीएल’ (storeutl) ही आज्ञा त्याच पत्त्यावर चालवून पहा. तिला जे दिसत नाही ते बहुधा तुमच्या प्रोग्रामलाही दिसणार नाही. पीकेसीएस-इलेव्हनच्या पत्त्यात अर्धविराम असतात, म्हणून टर्मिनलमध्ये तो अवतरणचिन्हांतच लिहा.

पासवर्डची तयारी लाईनचा विचार करून करावी लागते. रात्री लाईन जाते, इन्व्हर्टर दम तोडतो, पहाटे मशीन आपोआप सुरू होते. तेव्हा पासवर्ड विचारला तर टाईप करायला तिथे कोणी नसतं. तो देणारं कॉलबॅक (गरज पडली की ओपनएसएसएल बोलावतं ते फंक्शन) तुम्हीच लिहा. जुनं पेमचं कॉलबॅक हाताशी असेल तर ते गुंडाळून ‘यूआय मेथड’ (स्टोअर ज्यातून पासवर्ड मागतं ती सोय) करून देणारं फंक्शन ओपनएसएसएलमध्ये आहे. पासवर्डची फाईल फक्त सेवेच्या युजरला वाचता यावी, म्हणजे परवानगी 600 असावी. टोकनचा पिन यूआरआयमध्ये थेट लिहू नका, तो लॉगमध्ये उमटतो. पिनच्या फाईलीचा पत्ता देण्याची सोय त्याच यूआरआयमध्ये आहे. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: चुकीचा पिन ठरावीक वेळा दिला की टोकन कुलूपबंद होतं. सेवा पडली की परत सुरू करणारी व्यवस्था लावली असेल आणि पिन चुकला असेल, तर माणूस जागा होण्याआधीच टोकन निकामी झालेलं असेल. पिन नाकारला गेला तर सेवेने परत प्रयत्न न करता थांबावं, अशीच व्यवस्था लावा. नवं टोकन मिळवायला जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे पडतात.

स्टोअर वस्तू उचलून देतं, पारखून देत नाही. की आणि सर्टिफिकेट एकमेकांचीच आहेत का, हे ‘एक्स-फाइव्ह-ओ-नाइन चेक प्रायव्हेट की’ने सुरुवातीलाच तपासा. मुदत तपासा आणि ती संपायच्या महिनाभर आधी पडद्यावर मराठीत सूचना येऊ द्या. ती मॅनेजरला वाचता आली पाहिजे, नुसती तुम्हाला कळून उपयोग नाही. घड्याळाकडे तर खास लक्ष हवं. काट्यावरची मशीन जुनी असते. मदरबोर्डवरचा सेल संपला की लाईन गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि चांगलं सर्टिफिकेट ‘अजून लागू झालं नाही’ म्हणून नाकारलं जातं. नवा सेल टाकून द्या, फार महाग नसतो.

निघताना टोकनचा ड्रायव्हर, लागणारी पॅकेजेस आणि मदतीची पानं डाऊनलोड करून सोबत घ्या, तिथे रेंज मिळेलच असं धरू नका. सगळं बसवून झाल्यावर मशीनची वायर खरोखर काढा, इंटरनेट तोडा, मशीन परत लावा आणि कोणीही कीबोर्डला हात न लावता एक पावती सहीसकट निघते का बघा. मग टोकन काढून हेच परत करा. या खेपेला पावती निघता कामा नये, आणि का निघाली नाही ते काट्यावर बसणाऱ्या माणसाला तुम्हाला फोन न करता समजलं पाहिजे.