रॅम्पार्डोस रेडमध्ये उतरवताना

‘पोकेमॉन गो’ या मोबाइल गेममधल्या रेडमध्ये, म्हणजे बलाढ्य पोकेमॉनशी होणाऱ्या लढतीत, चारिझार्ड या आग ओकणाऱ्या, उडत्या पोकेमॉनवर दगडी हल्ल्याचा घाव २.५६ पट बसतो. म्हणूनच पॅकिसेफॅलोसॉरस या डायनोसॉरवर बेतलेला, घुमटासारख्या निळ्या कवटीचा दगडी पोकेमॉन रॅम्पार्डोस त्याच्यासमोर उतरवावा. रॅम्पार्डोसकडे ‘स्मॅक डाउन’ आणि ‘रॉक स्लाइड’ हेच दगडी हल्ले असावेत. मात्र त्याचा बचाव अगदीच तोकडा असल्याने, समोरून मोठा हल्ला येताना स्क्रीनवर बोट आडवे सरकवून त्याला बाजूला घ्यावे, नाहीतर गडी दोन फटक्यांत आडवा होतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर ऊन-ढगांचा लपंडाव चालू असेल आणि गेमही ‘अंशतः ढगाळ’ दाखवत असेल, तर दगडी हल्ल्यांना २० टक्के जादा जोर मिळतो. रॅम्पार्डोसचे आधीचे रूप असलेल्या क्रॅनिडोसच्या ५० कँडी (गेममधल्या गोळ्या) साठल्या असल्यास त्याची रॅम्पार्डोसमध्ये उत्क्रांती घरीच उरकावी. कारण राजवाड्यापाशी रेडच्या लॉबीतली, म्हणजे लढतीआधी थांबण्याची, दोन मिनिटे संघ निवडण्यातच सरतात.